साडेपंचेचाळीस किलो

काटेसाहेबांना मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी झाली. पावणेतीन किलो." साहेबांनी बाळाकडे पाहण्याआधीच विचारलं, "हा काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता?" पुढं तीस वर्षं त्यांची बायको ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत असे, आणि दर वेळी साहेब शांतपणे म्हणत, "उत्तर अजून मिळालेलं नाही."

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे, बाजारानं ठेवलेलं नाव. वजनमापे खात्यात ते छत्तीस वर्षं निरीक्षक होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, पोकळ करून वरून रंग दिलेली वजनं, गल्ल्याखाली लपवलेलं लोहचुंबक, असं सगळं त्यांनी शोधून काढलं होतं. ते रस्त्याच्या टोकाला दिसले की पाच दुकानांत एकदम शांतता पसरे. पिशवी हातात घेतल्याबरोबर ते वजन सांगत, तेही छटाक-दोन छटाकांच्या फरकानं, आणि माणूस नुसता दारातून आत आला तरी त्याचं वजन त्यांच्या डोळ्यांना कळे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना वापरातून काढलेली एक जुनी लाकडी पेटी भेट दिली. आत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं, दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत, ओळीनं बसवलेली. दर रविवारी सकाळी ते ती पुसत आणि मग घरच्या काट्यावर स्वतः उभे राहत. एकसष्ट किलो. गेली अकरा वर्षं एकसष्ट.

अशा माणसाचा संशय ऑफिस सुटल्यावर थोडाच ऑफिसात राहतो! घरातलं घड्याळ, ताप पाहायची नळी, दूधवाल्याचं माप, शेजाऱ्यांचं हसणं, सगळं त्यांना एकदा पडताळून पाहावंसं वाटे. बायकोची धाकटी बहीण पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती म्हणायची, "भावोजींना साखर गोड लागायच्या आधी तिची पावती लागते."

ऑफिसात दर वर्षी रक्तदानाचं शिबिर भरे. साहेब एकदाही त्या खाटेवर आडवे झाले नाहीत. रक्त द्यायला ते भीत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "बाटली पुढच्या दारानं आत जाते, हे मी पाहिलंय. मागच्या दारानं ती कुणाकडे जाते, हे कुणी पाहिलंय का?" उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. थांबता थांबता ते सदुसष्ट वर्षांचे झाले.

त्या वर्षी एका मंगळवारी त्यांची बायको भिंतीवरचं घड्याळ पुसायला स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात तिला खाटेवर निजवून पायाला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, आणि दोरीच्या टोकाला खाटेखाली लोंबणारं वजन. साहेबांनी नर्सला विचारलं, "किती लावलंय?"

"तीन किलो, आजोबा."

नर्सची पाठ वळल्यावर साहेबांनी खाली वाकून वजनाला तळव्याचा हलका आधार देऊन पाहिला.

"अहो, सोडा ते! पाय माझा आहे," बायको कळवळून म्हणाली.

"पावणेतीन आहे."

"असू दे. पाव किलो मी तुमच्यातर्फे सहन करते."

बुधवारी सकाळी डॉक्टर आले. शस्त्रक्रिया शुक्रवारी करायची ठरत होती. या वयात माणूस जितके दिवस खिळून पडतो तितका छातीत कफ साचण्याचा धोका वाढतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अडचण रक्ताची होती. बायकोचा गट बी निगेटिव्ह. सुरुवात करण्याआधी दोन पिशव्या हाताशी हव्यात, आणि रक्तपेढीत होती एकच.

"दुसरी मिळाली की मी सुरू करतो. नाही मिळाली तर पुढं ढकलावं लागेल. शक्यतो पुढं ढकलू नका."

जणू ते ढकलणं साहेबांच्याच हातात होतं.

रक्तपेढी तळमजल्यावर होती. दारातच एक फळा, त्यावर गटांची नावं आणि प्रत्येकापुढं आकडा. चार ठिकाणी शून्य. बी निगेटिव्हपुढं एक. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारून तो रक्त देऊ शकतो की नाही हे ठरवायचं त्यांचं काम. सगळे त्यांना फॉर्मवाल्या बाई म्हणत. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्याच जातकुळीचं माणूस भेटल्यासारखं त्यांना वाटलं. बाई कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नव्हत्या.

"जेवलात का?" समोरच्या तरुणाला त्यांनी विचारलं.

"हो."

"काय जेवलात?"

तरुण अडखळला. "चहा."

"चहा पितात. जा, पोटभर खाऊन या. आणि बाहीखाली काय लपवताय? गोंदण? कधी काढलं?"

"मागच्या महिन्यात."

"मग वर्षभरानं या."

तो गेल्यावर बाईंनी साहेबांकडे मान वळवली. "तुम्ही?"

"रक्त द्यायला आलोय. बायकोसाठी."

"वय?"

"सदुसष्ट."

"पासष्टच्या पुढं घेत नाही. याआधी कधी दिलंय?"

"नाही."

"एकदाही नाही?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि आता पिशवी हवीय."

साहेब छत्तीस वर्षं लोकांना असंच पाहत आले होते. आपल्याकडे कुणी असं पाहिलं की कसं वाटतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

बाईंनी एक वही काढली. शहरातल्या बी निगेटिव्ह लोकांची यादी, जेमतेम नऊ नावं. दोन गाव सोडून गेले. एकीला बाळ झालेलं, ते अंगावर पितं. एकाला कावीळ. तिघांनी महिन्याभरापूर्वीच दिलं होतं, त्यांना तीन महिने पुरे व्हायला हवेत. एकाचा फोन बंद. शेवटच्या नावावर बाईंनी बोट आपटलं. "हा बसचालक. दर तीन महिन्यांनी घड्याळ लावल्यासारखा यायचा. आता फोनच उचलत नाही. का, ते देव जाणे. लोकांचं असंच असतं. शिवाय दारात कुणी भेटून 'मी देतो, मला खूश करा' असं म्हणालं तर आधी मला सांगा. तसलं रक्त मी घेत नाही."

साहेब वर जाऊन बायकोच्या खाटेशी बसले. बायको म्हणाली, "मुलीचा गट जुळत नाही, पण धाकटीचा माझाच आहे. विसरलात?"

ते विसरले नव्हते. त्यांनी धाकटीला मनातल्या मनात केव्हाच काट्यावर चढवलं होतं आणि उतरवलंही होतं. रक्तदात्याचं वजन पंचेचाळीस किलो हवं, असं खालच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. धाकटी चव्वेचाळीसच्या वर नाही, हे त्यांची नजर सांगत होती.

पण धाकटी दुपारी कारखान्यातून तडक आली, हाताला खळ तशीच. "काय भावोजी, तोंड का पाडलंय? ताईला माझं रक्त चढलं की तीही तुम्हाला उलट बोलेल, ही भीती का?"

फॉर्मवाल्या बाईंनी तिला एकूणएक प्रश्न विचारले. वय? एकावन्न. झोप? सात तास. औषधं? नाहीत. दात काढला? नाही. ताप? नाही. बोटातून थेंब घेतला, रक्त घट्ट आणि चांगलं निघालं. मग बाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं गोल तबकडीचा वजनकाटा होता. धाकटी चपला काढून वर चढली.

"साडेपंचेचाळीस," बाईंनी लिहिलं.

धाकटीनं साहेबांकडे पाहून भुवई उडवली. साहेबांच्या छातीवरचा दगड खाली उतरला. क्षणभरच. मग त्यांच्या डोळ्यांना जे दिसत होतं आणि तबकडीवर जे लिहिलं होतं, त्यात पावणेदोन किलोंचा फरक आहे, हे त्यांना जाणवलं, आणि दगड पुन्हा जागेवर आला.

पहिला संशय धाकटीवर. "खिशात काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कमाल झाली तुमची! किल्ली आणि रुमाल. झडती घ्या!"

खरोखरच किल्ली आणि रुमाल होता. दुसरा संशय बाईंवर. फळ्यावर चार शून्यं आहेत, तेव्हा बाईंनी काट्याचा खिळा थोडा सैल सोडला असेल तर? बाजारात साहेबांनी याहून सोज्ज्वळ चेहऱ्याची माणसं पकडली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून घाईच्या पावलांचा आवाज आला. रक्त देऊन उठलेल्या एका मुलीला पुन्हा आडवं करत होते, पाय उशीवर उचलून. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"हे बघा," बाई वैतागून म्हणाल्या, "या आठवड्यातली तिसरी. उपाशी येतात आणि तोंड वर करून सांगतात, जेवलो. खोटं बोलायचं आणि मग घेरी येऊन पडायचं."

साहेब उठले आणि काही न बोलता त्या काट्यावर चढले.

साडेत्रेसष्ट.

अकरा वर्षं एकसष्ट असलेला माणूस तबकडीकडे पाहत राहिला. आता ते फक्त त्यांना माहीत होतं. वर खाटेवर बायको होती, पायाला पावणेतीन किलो लोंबत होते. इथं मेहुणी बाही वर सारून खुर्चीत बसली होती, आणि एक माणूस पिशवीवर लेबल चिकटवत होता. पाच मिनिटं गप्प बसलं की झालं. धाकटी काटक आहे. थोडी चक्कर आली तर आली. छत्तीस वर्षांत त्यांच्यासमोर किती दुकानदारांनी हात जोडून म्हटलं होतं, "साहेब, एवढंसं तर आहे." त्या वेळी आपण काय उत्तर देत होतो, ते त्यांना आठवू नये असं वाटत होतं. आठवलं.

"थांबवा," ते म्हणाले. "तुमचा काटा खोटं बोलतोय."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "काय? सहा महिन्यांपूर्वी तपासलाय तो. प्रमाणपत्र दाखवू? इथं लोक खोटं बोलतात हो, मशीन नाही बोलत!"

"मी एकसष्ट आहे."

"घरी असाल!"

साहेबांनी वाद घातला नाही. सदुसष्टाव्या वर्षी ते गुडघ्यांवर बसले, मग हातांवर वाकले, आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून त्यांनी काट्याखाली पाहिलं. खिळा जागेवर होता. शिक्का जागेवर होता. काट्याचे चारही पाय मात्र एका जाड, मऊ निळ्या चटईत रुतले होते.

"ही चटई कुणी घातली?"

"मी," बाई म्हणाल्या. "घरून आणलीय. एक आजी म्हणाल्या, अनवाणी उभं राहिलं की फरशी पायाला गार लागते. त्यात काय झालं?"

साहेबांनी चटई ओढून काढली, काटा उघड्या फरशीवर ठेवला आणि चढले. एकसष्ट.

"कठीण जमिनीवर काट्याच्या तळाचा पत्रा किंचित वाकतो. कारखान्यात तेवढं धरूनच तबकडी जुळवतात. मऊ चटईवर तो वाकत नाही, आणि काटा पुढं पळतो. कधी घातलीत?"

बाईंचा आवाज बदलला. "तीन आठवडे झाले."

त्यांनी नोंदवही ओढली. चक्कर आलेल्यांची नावं लाल शाईनं लिहिलेली होती. सहा जणी. सगळ्यांची वजनं पंचेचाळीस ते सत्तेचाळीस. सहाही जणींच्या पुढं बाईंच्याच अक्षरात एक शेरा होता: न जेवता आली, खोटं सांगितलं.

दरम्यान धाकटी स्वतःहून फरशीवरच्या काट्यावर चढली होती. काटा चव्वेचाळीसलाही पोचला नाही. ती खाली उतरली, बाही खाली ओढली आणि साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली. आता ती चेष्टा करत नव्हती.

"ताईच्या जिवापेक्षा तुमचा काटा मोठा झाला, भावोजी? मला कळत नव्हतं का माझं वजन? मी गप्प बसले होते. तुम्हाला बसता आलं नाही?"

ती चपला हातात घेऊनच निघून गेली.

बाई लाल शाईच्या ओळींवरून बोट फिरवत होत्या. अचानक बोट थांबलं. "ही चौथी. ही त्या बसचालकाची बायको. पहिल्यांदाच आली होती, नवऱ्याचं पाहून. पडली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर बोलले." त्यांनी चष्मा काढला. "म्हणून तो फोन उचलत नाही."

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी पलीकडून आवाज आला, "बाई, आम्ही खोटारडी माणसं. आमचं रक्त कशाला हवंय तुम्हाला?"

साहेबांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"मी वजनमापे खात्यातून बोलतोय. निवृत्त निरीक्षक. तुमच्या बायकोचं वजन घरी किती भरतं?"

"साडेत्रेचाळीस. तिनं तिथं सांगितलंही होतं. तर बाई म्हणाल्या, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन बोलत होतं. तुमची बायको खरं बोलत होती. मी आत्ता तपासलंय."

"तुम्हाला रक्त हवंय म्हणून गोड बोलताय."

"हवंय. माझ्या बायकोला हवंय. पण गोड मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. या, आणि स्वतः बघा."

तासाभरानं बसचालक आला, खाकी कपड्यांत, मागे बायको. त्यानं कुणालाही नमस्कार केला नाही. आधी काट्याखाली वाकून पाहिलं, मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटईकडे. मग काटा पाळीपाळीनं चटईवर आणि फरशीवर ठेवून बायकोला त्यावर उभं केलं. साहेबांना तो माणूस फार आवडला.

फॉर्मवाल्या बाई त्याच्या बायकोपुढं उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला बोलले ते चुकले. इथंच, सगळ्यांसमोर सांगते." त्यांनी नोंदवहीतला शेरा तिच्यासमोर खोडला आणि बाजूला लिहिलं: चूक आमची. उरलेल्या पाचही जणींना आज फोन करणार, असंही म्हणाल्या.

चालकाची बायको लाजून एवढंच म्हणाली, "असू दे. खरंच जेवले होते पण मी."

चालक बाही वर करू लागला. बाई फॉर्म पुढं ओढत म्हणाल्या, "काल रात्री किती झोप झाली?"

"रात्रपाळी होती. तीन तास."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आज नाही. घरी जा, झोपा, सकाळी पोटभर खाऊन या."

"अहो बाई, यांची निकड आहे ना?"

"आहे. तरी आज नाही."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. आता पाळी त्यांची होती. साहेब फळ्यावरच्या त्या एकच्या आकड्याकडे पाहत म्हणाले, "बरोबर आहे."

त्या दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी कसा काढला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. तो येणार नाही, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. एकदा अपमान झालेला माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल? बायको म्हणाली, "येईल हो." ते म्हणाले, "कशावरून?" बायको म्हणाली, "सगळ्याला कशावरून नसतं," आणि डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी साडेआठला बसचालक दारात उभा होता, आठ तास झोपलेला आणि काय काय खाल्लं त्याची यादी न विचारता सांगत. साहेब खाटेशेजारी उभे राहून पिशवी भरताना पाहत होते. लेबलवरचा आकडा त्यांनी खिशातल्या वहीत उतरवून घेतला. चालकाच्या ते लक्षात आलं.

"माझ्यावरही संशय?"

"तुमच्यावर नाही. मागच्या दारावर."

तपासण्यांत दिवस गेला. शुक्रवारी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एक कर्मचारी थंड पेटीतून दोन पिशव्या घेऊन आला. साहेबांनी त्याला अडवलं, वही काढली, आणि एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. जुळला. शिबिरात चाळीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोरून आत गेलं आणि दार बंद झालं. साहेब बाकावर बसले. वही त्यांच्या हातात तशीच उघडी राहिली.

शस्त्रक्रिया नीट झाली. महिन्याभरानं बायको चालण्याच्या चौकटीला धरून घरात फिरू लागली. पुढं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब आपली पेटी घेऊन रक्तपेढीत जात आणि काटा तपासत. ते आणि फॉर्मवाल्या बाई मग एकमेकांना चहा पाजत, आणि दोघंही आधी कप हुंगत.

धाकटी मात्र चार महिने त्यांच्याशी बोलली नाही. ताईला भेटायला यायची, तिच्यापाशी बसून समोर येईल ते खायची, आणि त्यांच्याकडे न पाहता जायची. पाचव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती अचानक रक्तपेढीत हजर झाली.

"लिहा बाई नाव. फळ्यावर बी निगेटिव्ह शून्य आहे ना? मी आता बसते तुमच्या नियमात."

चपला काढून ती उघड्या फरशीवरच्या काट्यावर चढली. काटा बरोबर पंचेचाळीसवर येऊन थांबला. बाईंनी पेन उचललं.

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. सकाळी पेटी उचलली तेव्हाच त्यांच्या हाताला ती हलकी लागली होती. उघडून पाहिली तर मखमलीतली एक खाच रिकामी होती. आदल्या संध्याकाळी घरी कोण कोण येऊन गेलं, तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसता तळहात पुढं केला.

धाकटीनं आधी छताकडे पाहिलं, मग फळ्याकडे. मग खिशातून अर्ध्या किलोचं पितळी वजन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते अंगाच्या उबेनं गरम झालं होतं.

"एकदा तरी तुमची नजर चुकवायची होती," ती म्हणाली.

काटा एक रेघ मागे सरकला. बाईंनी लिहिलं: साडेचव्वेचाळीस, पुढच्या महिन्यात यावे.

साहेबांनी रुमालानं वजन पुसलं आणि खाचेत बसवलं. "तशी वाढलीस हं," ते म्हणाले. "पाऊण किलो. माझ्या नजरेला मान्य आहे."

"कृपा झाली," धाकटी म्हणाली. चार महिन्यांतलं त्यांच्याशी ते तिचं दुसरंच वाक्य होतं. "आता चला घरी, भावोजी. ताईनं खायला करून ठेवलंय. आणि ताट वाढलं की काटा काढू नका."